नऊ सामने, नऊ विजय आणि न आलेलं निमंत्रण

मंडळी, गणपती विसर्जन आटोपलं, मुलांच्या शाळा रुळावर आल्या, की अमेरिकेतल्या शनिवारांचा रंगच बदलतो. शेजारच्या गॅरेजवर कुठल्यातरी कॉलेजचा झेंडा फडकू लागतो. ऑफिसात एरवी 'हाय' आणि 'बाय' यापलीकडे न बोलणारे सहकारी सोमवारी सकाळी कॉफीच्या मशीनपाशी तावातावाने भांडताना दिसतात. कॉलेज फुटबॉलचा हंगाम सुरू झालेला असतो!

इंजिनिअरिंगची डिग्री आणि गल्ली क्रिकेटचा दांडगा अनुभव एवढ्या भांडवलावर इथे आलेल्या आमच्यासारख्यांना हा खेळ आधी अगदीच अगम्य वाटतो. बॉल लांबट, तो पायाने क्वचितच मारतात, आणि नाव मात्र फुटबॉल. दर दहा सेकंदांनी खेळ थांबतो, मग सगळे घोळका करून कुजबुजतात. पण मुलं इथे वाढू लागली की हा खेळ आपल्या दिवाणखान्यात येतोच. तेव्हा त्याची थोडी ओळख करून घ्यावी म्हणून आम्ही वाचायला लागलो, आणि वाचता वाचता १९५१ सालच्या एका संघाची गोष्ट हाती लागली. ती इथे, आपल्या बे एरियात घडलेली आहे. खेळाच्या निमित्ताने या देशाचा जो इतिहास समजतो, तो नागरिकत्वाच्या परीक्षेच्या प्रश्नांत सापडत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी थोडा खेळ समजून घेऊ

मैदान शंभर यार्डांचं. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू. ज्यांच्याकडे बॉल असतो त्यांना चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढे जायचं असतं. जमलं तर पुढचे चार प्रयत्न मिळतात, नाही जमलं तर बॉल समोरच्यांकडे. असं करत करत प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात बॉल नेला की टचडाऊन, म्हणजे ६ गुण, आणि वर एक गुण मिळवायची संधी. आपल्या कबड्डीत चढाई करणारा निसटायला बघतो आणि बाकीचे त्याला धरायला बघतात, तसंच इथेही. फक्त चिलखत घालून आणि चौपट वजनाने!

कबड्डीप्रमाणेच इथेही उलटा मार बसू शकतो. बॉल घेतलेला खेळाडू आपल्याच टोकाच्या पट्ट्यात पकडला गेला तर समोरच्या संघाला २ गुण मिळतात. याला सेफ्टी म्हणतात. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

बोल सामना म्हणजे काय?

कॉलेजांचा हंगाम सप्टेंबरात सुरू होऊन नोव्हेंबरअखेर संपतो. त्या काळी त्यानंतर अंतिम स्पर्धा अशी काही नसे. वर्तमानपत्रांचे क्रीडा-पत्रकार मतं देऊन क्रमवारी ठरवत, आणि चांगल्या संघांना नववर्षाच्या सुमारास होणाऱ्या 'बोल' सामन्यांचं आमंत्रण येई. पासाडेनाचा रोझ बोल, न्यू ऑर्लिन्सचा शुगर बोल, मायामीचा ऑरेंज बोल, डॅलसचा कॉटन बोल, जॅक्सनव्हिलचा गेटर बोल ही त्यांतली मोठी नावं. थंडीच्या दिवसांत उबदार गावात सामना भरवायचा, म्हणजे लांबून प्रेक्षक येतील, हॉटेलं भरतील, असा सरळ व्यापारी हिशेब. कॉलेजला मान मिळे आणि तिकिटांच्या पैशांतला वाटाही मिळे.

आता यातली मेख बघा. उबदार गावं बहुतेक सगळी दक्षिणेत. कॅलिफोर्नियातला रोझ बोल तेवढा अपवाद, पण दुसऱ्या महायुद्धानंतर तो दोन ठरावीक गटांतल्या कॉलेजांसाठीच राखून ठेवलेला होता. कुठल्याही गटात नसलेल्या कॉलेजला मोठा बोल खेळायचा तर दक्षिणेतच जावं लागे. आणि १९५१ सालच्या दक्षिणेत शाळा, बस, हॉटेल, पाण्याचे नळ, सगळं काही गोऱ्यांचं वेगळं आणि कृष्णवर्णीयांचं वेगळं होतं. तेही नुसत्या रूढीने नव्हे, राज्यांच्या कायद्याने.

डॉन्स नावाचा संघ

पाहुण्यांना गोल्डन गेट पार्क दाखवायला आपण नेहमी नेतो. त्या बागेपासून जवळच टेकडीवर एका चर्चचे दोन मनोरे दिसतात. तेच युनिव्हर्सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को, म्हणजे यूएसएफ. १८५५ साली जेझुइट पाद्र्यांनी स्थापन केलेली ही संस्था. बर्कली किंवा स्टॅनफर्डच्या मानाने लहान. तिच्या संघाचं नाव डॉन्स, आणि घरचं मैदान बागेच्या कोपऱ्यातलं केझार स्टेडियम.

१९४८ पासून जो कुहारिक हे प्रशिक्षक होते. शिस्तीचे कडक. हंगामाआधीची शिबिरं ते उत्तर कॅलिफोर्नियातल्या कॉर्निंग गावी, ऐन उन्हाळ्याच्या भट्टीत घेत. संघाची प्रसिद्धी सांभाळायला पीट रोझेल नावाचा पंचविशीतला तरुण होता. कॉलेज लहान, पैसा तुटपुंजा, तेव्हा देशभरच्या पत्रकारांना पत्रं आणि फोन करून आपल्या खेळाडूंची नावं पोहोचवणं हे त्याचं काम. हे नाव पुन्हा येणार आहे.

खेळाडू कोण होते? जीनो मार्केटी हा इटालियन स्थलांतरितांचा मुलगा, अँटिऑकमध्ये वाढलेला. कॉलेजात येण्याआधी तो युरोपात बॅटल ऑफ द बल्ज या भयंकर लढाईत लढून आला होता. बॉब सेंट क्लेअर हा खुद्द सॅन फ्रान्सिस्कोचा, उंची सहा फूट नऊ इंच! एड ब्राऊन हा क्वार्टरबॅक, म्हणजे चाली रचून बॉल फेकणारा.

आणि दोघे कृष्णवर्णीय. ऑली मॅट्सन टेक्सासमधल्या ट्रिनिटी गावी जन्मला आणि शाळेत असताना सॅन फ्रान्सिस्कोला आला. धिप्पाड असूनही वेग असा की धावण्याच्या शर्यतीत ऑलिंपिकची आशा धरावी. बर्ल टोलर टेनेसीतल्या मेम्फिसचा. तो बचावफळीत खेळे. दोघेही आधी सिटी कॉलेज ऑफ सॅन फ्रान्सिस्कोमध्ये एकत्र खेळले होते आणि तिथून यूएसएफला आले. म्हणजे ज्या दक्षिणेतून या दोघांची घरं निघाली, त्याच दक्षिणेत सन्मानाने पाहुणा म्हणून जायची संधी पुढे त्यांच्या संघासमोर येणार होती.

१९५१ चा हंगाम

आदल्या वर्षी याच संघाने स्टॅनफर्ड आणि कॅल, दोघांकडून मार खाल्ला होता. १९५१ च्या वेळापत्रकात ही दोन्ही मोठी नावं नव्हती. ज्यांच्याशी सामने ठरले त्यांच्याशी खेळायचं आणि जिंकायचं एवढंच डॉन्सच्या हाती होतं, आणि ते त्यांनी केलं.

सॅन होजे स्टेटला त्यांनी एकाच हंगामात दोनदा हरवलं. आयडाहोला हरवलं. लष्कर आणि नौदलाच्या तळांवरच्या संघांना हरवलं. ऑक्टोबरात ते थेट न्यूयॉर्कला फोर्डमशी खेळायला गेले. हा सामना महत्त्वाचा, कारण पूर्वेकडचे नामांकित पत्रकार पश्चिमेचा असा लहान संघ एरवी बघायचेच नाहीत. त्या दिवशी मॅट्सनने काय करावं? समोरच्या संघाने लांब मारलेला बॉल झेलायचा आणि सगळं मैदान पार करून टचडाऊन करायचा, हा पराक्रम त्याने एकाच सामन्यात दोनदा केला. डॉन्स ३२–२६ असे जिंकले.

परत आल्यावर सांता क्लारा हरलं. मग १७ नोव्हेंबरला स्टॉकटनला कॉलेज ऑफ द पॅसिफिकशी गाठ पडली. पॅसिफिकचा संघ त्या वर्षी चांगला तयारीचा होता, आणि या सामन्यावर बोलच्या आमंत्रणाचं गणित अवलंबून आहे असं बोललं जात होतं. निकाल ४७–१४, डॉन्सच्या बाजूने! शेवटच्या सामन्यात लॉस एंजेलिसच्या लोयोला कॉलेजला त्यांनी २०–२ असं हरवलं. ते २ गुण कसले, हे आता वाचकांना सांगायला नको. लोयोलाला संपूर्ण सामन्यात एकही टचडाऊन करता आला नव्हता.

नऊ सामने, नऊ विजय. बरोबरीही नाही. मॅट्सनने हंगामात १,५६६ यार्ड धाव घेतली, देशात सर्वाधिक. तो आक्रमणात खेळे आणि बचावातही खेळे. पत्रकारांच्या अंतिम क्रमवारीत डॉन्स देशात चौदावे आले. लहान कॉलेजसाठी ही केवढी मोठी गोष्ट! आता फक्त बोलचं पत्र यायचं होतं.

पत्र आलं नाही

आला तो निरोप. दक्षिणेतल्या बोलचं आमंत्रण मिळू शकेल, पण मॅट्सन आणि टोलर यांना घरी ठेवून यावं लागेल, हे संघाच्या कानावर घालण्यात आलं. बाकी सगळ्यांनी यायला हरकत नव्हती.

संघाने नकार दिला. त्या संघातले खेळाडू पुढे म्हातारपणापर्यंत मुलाखतींत एकच गोष्ट सांगत राहिले: त्यावर फारशी चर्चाही झाली नाही. जायचं तर सगळ्यांनी, नाहीतर कुणीच नाही.

जाहीर कारण मात्र वेगळंच फिरत होतं. म्हणे डॉन्सचे प्रतिस्पर्धी दुबळे होते, वेळापत्रकात दम नव्हता. ऐकायला हे कारण तसं बरोबर वाटतं, कारण प्रतिस्पर्धी खरोखरच फार बलाढ्य नव्हते. पण ज्या पॅसिफिकला डॉन्सनी ४७–१४ असं लोळवलं, त्याच पॅसिफिकला टेक्सासमधल्या एल पासो गावच्या सन बोलचं आमंत्रण मिळालं! या पॅसिफिकच्या संघात एडी मेकन हा कृष्णवर्णीय खेळाडू होता. सन बोलची कथाही ऐकण्यासारखी आहे. १९४८ साली पेनसिल्व्हेनियाच्या लाफायेट कॉलेजने, आपल्या एका कृष्णवर्णीय खेळाडूला खेळू देणार नाहीत म्हणून सन बोलचं आमंत्रण परत केलं होतं. त्यावरून बराच गदारोळ झाला, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत तिथलं दार उघडलं. म्हणजे १९५१ च्या हिवाळ्यात टेक्सासमध्येसुद्धा हे शक्य होतं. इतर बोलवाल्यांना ते करायचं नव्हतं, इतकंच.

१ जानेवारी १९५२ ला शुगर बोलमध्ये मेरीलँड विरुद्ध टेनेसी, ऑरेंज बोलमध्ये जॉर्जिया टेक विरुद्ध बेलर आणि गेटर बोलमध्ये मायामी विरुद्ध क्लेम्सन असे सामने झाले. या सहा संघांत मिळून एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता.

सभ्य माणसांचा करार

त्या काळी या प्रकाराला एक गोंडस नाव होतं: सभ्य माणसांचा करार! उत्तरेतल्या कॉलेजच्या संघात कृष्णवर्णीय खेळाडू असला, तर दक्षिणेतल्या संघाशी खेळताना त्याला बाकावर बसवायचं किंवा घरी ठेवायचं. कुठे लिहून ठेवायचं नाही, कुणी मोठ्याने बोलायचं नाही. फोनवर ठरायचं आणि पेपरात त्या खेळाडूला दुखापत झाल्याचं छापून यायचं.

१९४० साली न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीने मिसूरीविरुद्धच्या सामन्यातून लेनर्ड बेट्स या खेळाडूला असंच वगळलं. विद्यार्थी त्याच्या बाजूने रस्त्यावर उतरले, तर काही महिन्यांनी सात विद्यार्थ्यांनाच निलंबित करण्यात आलं. याउलट १९४६ साली पेन स्टेटच्या संघाला मायामीत खेळायला जायचं होतं. कृष्णवर्णीय खेळाडूंना आणू नका असं कळल्यावर त्यांनी सामनाच रद्द केला. पुढे १ जानेवारी १९४८ च्या कॉटन बोलमध्ये पेन स्टेटचे दोन कृष्णवर्णीय खेळाडू डॅलसमध्ये मैदानात उतरले.

आणि ज्या १९५१ च्या हंगामाबद्दल आपण बोलतो आहोत, त्यातच २० ऑक्टोबरला ओक्लाहोमात एक प्रसंग घडला. ड्रेक युनिव्हर्सिटीच्या जॉनी ब्राइट या कृष्णवर्णीय खेळाडूचा बॉलशी संबंध नसताना प्रतिस्पर्ध्याने मुद्दाम मारून जबडा मोडला. वर्तमानपत्राच्या छायाचित्रकारांनी तो क्षण टिपला आणि त्या छायाचित्रांना पुढच्या वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळालं. डॉन्सच्या नकारामागे हे सगळं वातावरण आहे. शाळांमधला भेदभाव बेकायदा ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९५४ चा. रोझा पार्क्स यांनी बसमधली जागा सोडायला नकार दिला तो १९५५ साली. नागरी हक्कांचा कायदा १९६४ चा. डॉन्सनी 'नाही' म्हटलं तेव्हा यातलं काहीच झालेलं नव्हतं. मुकाट्याने दोघांना मागे ठेवून ते गेले असते, तर त्या काळच्या रिवाजाप्रमाणे त्यांना कुणी फारसं बोललंही नसतं.

नकाराची किंमत

आम्हाला या गोष्टीत सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते इथे आहे. तत्त्वासाठी उभं राहिलं की शेवटी सगळं गोड होतं, असं आपण मुलांना सांगतो. डॉन्सच्या बाबतीत तसं लगेच काही झालं नाही.

यूएसएफचा फुटबॉल तोट्यात होता. त्या हंगामात सुमारे ७० हजार डॉलरचा खड्डा पडल्याचं सांगितलं जातं. सॅन फ्रान्सिस्कोत फोर्टी-नाइनर्स हा व्यावसायिक संघ आला होता, लोक टीव्हीवर सामने बघू लागले होते, आणि केझारच्या हजारो खुर्च्या रिकाम्या राहत होत्या. बोल सामन्याच्या पैशांनी थोडा श्वास घेता आला असता. ते पैसे आले नाहीत आणि हंगाम संपल्यावर कॉलेजने फुटबॉल बंद केला. न हरलेला संघ, आणि पुढच्या वर्षी संघच नाही!

आता, एका बोल सामन्याने सगळं वाचलं असतं का? छातीठोकपणे तसं म्हणता येणार नाही. शेजारच्या सेंट मेरीज कॉलेजने १९५० च्या हंगामानंतर फुटबॉल बंद केला होता, लोयोलाने १९५१ नंतर केला, सांता क्लाराने १९५२ नंतर. लहान कॅथलिक कॉलेजांना हा खेळ परवडेनासा झालाच होता. पण आपला संघ आर्थिक अडचणीत आहे हे ठाऊक असताना, दोन जणांना वगळून मिळणाऱ्या पैशांना हात लावायचा नाही, हे त्या विशी-बाविशीतल्या पोरांनी ठरवलं. ज्यांचा अजून एक-दोन वर्षांचा खेळ शिल्लक होता, त्यांना दुसरं कॉलेज शोधावं लागलं. सेंट क्लेअर ओक्लाहोमातल्या टल्सा युनिव्हर्सिटीत गेला.

पुढे काय झालं?

या एका संघातले नऊ जण एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये खेळले. त्यांतल्या तिघांना, म्हणजे मॅट्सन, मार्केटी आणि सेंट क्लेअर यांना, फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं. प्रतिस्पर्धी दुबळे म्हणून हिणवल्या गेलेल्या संघाचा हा दर्जा!

ऑली मॅट्सन १९५२ च्या उन्हाळ्यात हेलसिंकी ऑलिंपिकला गेला. तिथे त्याने ४०० मीटर धावण्यात कांस्य आणि रिले शर्यतीत रौप्यपदक मिळवलं. मंडळी, हेलसिंकी म्हटल्यावर आपल्याला काय आठवतं? त्याच ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकून स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक पदक मिळवून दिलं. दोघे एकाच गावी, एकाच स्पर्धेत पदक घेऊन परतले! मॅट्सन पुढे शिकागो कार्डिनल्समध्ये गेला, आणि १९५९ साली लॉस एंजेलिस रॅम्सने त्या एकट्याच्या बदल्यात नऊ जण देऊ केले.

मार्केटी बाल्टिमोर कोल्ट्सचा आधारस्तंभ झाला आणि त्याच्या नावाची हॅमबर्गरची दुकानं पूर्वेकडे गाजली. सेंट क्लेअर फोर्टी-नाइनर्सकडून खेळला आणि डेली सिटीचा महापौरही झाला. केझारच्या मैदानाला २००१ साली त्याचं नाव देण्यात आलं.

बर्ल टोलरचं काय झालं? १९५२ च्या उन्हाळ्यात एका प्रदर्शनी सामन्यात त्याचा गुडघा दुखावला आणि व्यावसायिक खेळाचं स्वप्न तिथेच संपलं. तो शिक्षक झाला. सॅन फ्रान्सिस्कोच्या माध्यमिक शाळेचा पहिला कृष्णवर्णीय मुख्याध्यापक होण्याचा मान त्याला मिळाला. आणि १९६५ साली एनएफएलने त्याला सामन्याचा पंच म्हणून नेमलं. लीगच्या इतिहासातला तो पहिला कृष्णवर्णीय पंच. तेव्हा लीगचे कमिशनर कोण होते ठाऊक आहे? डॉन्सची प्रसिद्धी सांभाळणारा तोच पीट रोझेल! १९६० ते १९८९ अशी जवळजवळ तीस वर्षं त्याने एनएफएल चालवली. जानेवारी १९८० मध्ये सुपर बोलच्या पंचांत टोलर होता, आणि त्या मानाच्या सामन्यातला तो पहिला कृष्णवर्णीय पंच ठरला. सामना झाला पासाडेनाच्या रोझ बोल स्टेडियममध्ये. दक्षिणेतल्या बोलवाल्यांनी ज्याला नाकारलं, तो आता देशातल्या सर्वांत मोठ्या सामन्यात शिट्टी घेऊन उभा होता आणि त्याचा निर्णय सगळ्यांना मान्य करावा लागत होता.

संघाची आठवण लोकांना फार उशिरा झाली. २००० साली अमेरिकेच्या सेनेटमध्ये त्यांच्या गौरवाचा ठराव झाला. २००६ साली यूएसएफने हयात खेळाडूंना मानद डॉक्टरेट दिली. २०१४ साली त्यांच्यावर माहितीपट निघाला. टोलर २००९ साली गेला, मॅट्सन २०११ साली, सेंट क्लेअर २०१५ साली आणि मार्केटी २०१९ साली. 'न हरलेले, बरोबरीही न केलेले, आणि न बोलावलेले' अशी त्या संघाची ओळख आता कायमची झाली आहे.

यात आपला काय संबंध?

असं कुणी विचारलं तर आम्ही त्याला यूएसएफच्या एका वसतिगृहासमोर नेऊ. त्या इमारतीला पूर्वी जेम्स फीलन यांचं नाव होतं. हे सॅन फ्रान्सिस्कोचे एकेकाळचे महापौर आणि नंतर सेनेटर. १९२० च्या निवडणुकीत त्यांची घोषणा होती, कॅलिफोर्निया गोऱ्यांचाच राहू द्या! रोख आशियातून येणाऱ्यांवर होता, म्हणजे आपल्यासारख्यांवर. १९२३ साली सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्व मिळू शकत नाही असा निकाल दिला. १९४६ साली ते दार किंचित उघडलं, तेही वर्षाला शंभर भारतीय एवढंच. डॉन्स नऊ सामने जिंकत होते तेव्हा हाच शंभराचा आकडा लागू होता. तो मोडला १९६५ च्या कायद्याने, आणि तो कायदा आला नागरी हक्कांच्या चळवळीने देशाची हवा बदलल्यावर. आपल्या मंडळांचे संस्थापक, आपल्या आधी इथे स्थिरावलेले काका-काकू, आणि मागाहून एच-वन व्हिसावर आलेले आम्ही संगणकवाले, सगळे त्या उघड्या दारातून आत आलो.

विद्यार्थ्यांच्या मागणीवरून २०१७ साली त्या वसतिगृहाचं नाव बदलण्यात आलं. आता ते बर्ल टोलर यांच्या नावाने ओळखलं जातं.

आपण इथे कष्ट करून वर आलो, हे खरंच आहे. पण ज्या रस्त्याने वर आलो तो आधी कुणीतरी मोकळा केला होता, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना त्याची किंमत मोजावी लागली, हेही तितकंच खरं. त्यांतले काही मोठे नेते होते, काही न्यायालयात लढले. आणि काही जण नुसते विशीतले खेळाडू होते, ज्यांना कुणी भाषण करायला सांगितलं नव्हतं. त्यांना फक्त एवढंच विचारलं गेलं होतं, की दोघांना सोडून येता का?

आपल्या मुलांना असा प्रश्न कधी ना कधी येणारच. वर्गातल्या वाढदिवसाच्या पार्टीला सगळ्यांना बोलावलं आणि एकाला नाही, खेळाच्या संघातून एखाद्याला उगाच वगळलं, अशा लहान रूपात तो येतो. कधी आपलं मूल वगळलेलं असतं, आणि कधी ते बोलावलेल्यांत असतं. पहिल्या वेळी काय करायचं हे आपण मुलांना आवर्जून शिकवतो. दुसऱ्या वेळी काय करायचं, हेही शिकवायला हवं. त्यासाठी डॉन्सची ही गोष्ट घरी जरूर सांगा. शनिवारी टीव्हीवर सामना चालू असताना मधल्या जाहिरातींत सांगून होईल, तेवढा वेळ या खेळात नक्की मिळतो!